वॉर्डातला संबळ

संबळ वाजवणाऱ्या मारुतीमामाचा मोडलेला पाय जुळला, तरी डॉक्टर देवकुळे त्याला सोडेनात. "आधी सगळं बिल भर, मगच इथून हल!"

मामी म्हणाली, "सायेब, एवढं कुठनं आणू? घरी सोडा, लग्नात वाजवून हप्त्यानं फेडतील."

"जमणार नाही!"

मामी तडक घरी गेली आणि संबळ घेऊन आली. "अवो, लग्नं तोंडावर आलीत. करा इथंच तालीम!"

मामानं खाटेवर बसून असा कडकडाट केला, की शेजारचे पेशंट डुलायलाच लागले. डॉक्टर धावत आले. "कोण आहे तो? आत्ताच्या आत्ता बाहेर काढा त्याला!"

मामीनं वॉर्डबॉयला हाक मारली, "ऐकलंस ना रं? धर मामाला त्या बाजूनं!"

अख्खा वॉर्ड खो खो हसला. सगळ्यांदेखत दिलेला हुकूम डॉक्टर फिरवणार कसा? मामा लंगडत, पण नवरदेवाच्या थाटात घरी गेला.