मुकुट परत मिळतो का?

"म्हणजे मुकुट परत मिळतो?" भंते रेवतांनी विचारलं.

"मिळतो. लगेच मिळतो." राजपुत्र सुषेण बसल्या जागी चुळबुळला.

दुसऱ्या दिवशी त्याचा राज्याभिषेक होता. वडील नुकतेच गेले होते. राज्यात दोन वर्षं पाऊस नव्हता. टेकडीवरच्या विहारात तो मागच्या वाटेने आला होता, कोणाची गाठ पडू नये म्हणून.

"व्यापाऱ्यांनी सगळं सांगितलंय मला. बाबिलोनमध्ये वर्ष सुरू होताना पुजारी राजाचा मुकुट काढून घेतो आणि त्याच्या थोबाडीत मारतो. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं की देव प्रसन्न! मुकुट पुन्हा डोक्यावर."

"आणि चीनमध्ये?"

सुषेण उठला. दारापर्यंत गेला, परत आला.

"तिथे राजा आकाशाच्या हुकमाने राज्य करतो. दुष्काळ पडला की हुकूम उठला म्हणतात. आणि आकाश बोलतं ते लोकांच्या तोंडून. एका राजाने तर पावसासाठी स्वतःचाच बळी देऊ केला होता म्हणे."

"मुकुट परत मिळतो?"

"त्याचा... नेम नाही."

"तुला कुठली रीत हवी?"

"बाबिलोनची. आत्ताच होऊन जाऊ दे. तुम्हीच मारा, भंते."

भंत्यांनी त्याचा फेटा उतरवून जमिनीवर ठेवला. हात उगारला.

हात खाली येण्याआधीच सुषेणाची कट्यार त्यांच्या छातीला टेकली होती.

...

सुषेणाचा चेहरा पांढराफटक पडला. कट्यार खणकन खाली पडली.

"भंते, मी... हात आपोआप..."

तो गुडघ्यांवर बसला. त्याचे डोळे भरून आले.

"आता मारा. आता हलणार नाही."

भंत्यांनी मारलं नाही. ते काठी घेऊन दारात जाऊन उभे राहिले.

खाली कोरड्या नदीपात्रात माणसं पाण्यासाठी खड्डे खणत होती. कोणीतरी विहारापाशी बांधलेला सुषेणाचा घोडा ओळखला. एकेक कुदळ थांबली. सगळे वर बघू लागले.

"ते मला दगड मारतील," सुषेण पुटपुटला.

भंत्यांनी काठी पहिल्या पायरीवर टेकली.

"मारतील ना?"

...

सुषेण उभा राहिला. फेटा उचलावा की नाही, त्याला सुचेना.

भंते पायऱ्या उतरू लागले होते.

"बाबिलोन झालं, सुषेणा. चल, आता चीनला जाऊ."