कापसातला खेळ

मुलांना राबवून वेचलेला कापूस कंपनी घेणार नव्हती, म्हणून कंपनीच्या तपासनीस मंदाबाई ढोबळे शेतं तपासत फिरत होत्या. गावंडे मालकांच्या शेतात समोरच पाच-सहा पोरं कमरेला झोळ्या बांधून कापूस वेचताना दिसली.

मालक दात कोरत म्हणाले, "मजूर कुठले, बाई! आयांबरोबर येतात अन् दिवसभर खेळतात."

"मग आजचा खेळ थांबवा की," मंदाबाई म्हणाल्या.

"एवढंच ना?" मालकांनी ऐटीत आरोळी ठोकली, "पोरांनो, खेळ संपला! पळा घरी!"

झोळ्या भिरकावून पोरं आनंदाने आरडाओरडा करत, उड्या मारत बांधापलीकडे पसार झाली.

मंदाबाईंनी तपासणीचा शेरा तिथल्या तिथे सुनावला, "मालक, खेळ मोडला की पोरं रडतात. ही तर नाचत सुटली!"