तिच्या खाचा

लोखंडालाही वाचा होती त्या काळी, दूरच्या कारखान्यात घडलेली एक दातेरी चाकी जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये बसायला आली. आपल्याला पाहून सगळे हरखतील, असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात शेजारची थोरली चाकी तिच्याशी धड बोलेना. पहिल्याच फेरीला असा खरखराट झाला, की हणमंत मिस्त्रीने कानांवर हात ठेवले.

"आत्या, तुमचे दाते वाकडे झिजलेत," नवी म्हणाली. "माझ्यासारखे सरळ करा."

"या वयात नवे दात येतात होय गं?" थोरलीचं लक्ष उघड्या झाकणातून बाहेर, रॉकेलच्या घमेल्यात पडलेल्या तुटक्या चाकीकडे होतं. "ती आणि मी एकमेकींना लागून झिजलो. माझ्या खाचांत अजून तिचीच जागा आहे."

बाहेर मालकीण पारूबाई विचारत होती, "जमंल का वो?"

"थोरली बदलावी, तर तसली आता मिळत नाही," मिस्त्री म्हणाला. "उद्या पुन्हा फिरवतो. असंच खरखरलं, तर ट्रॅक्टर भंगारात द्या."

नवीने तुटक्या चाकीकडे प्रथमच नीट पाहिलं. तिचे उरलेले दाते थोरलीच्या दात्यांसारखेच एका अंगाला कलले होते.

"आत्या, ती चढावर कशी चालायची?" तिने हळूच विचारलं.

थोरली संध्याकाळभर तिच्याविषयी सांगत राहिली.

सकाळी मिस्त्रीने इंजिन सुरू केलं. आपली धार गेली तरी चालेल, असं नवीने ठरवलं.

"आत्या, तिच्या खाचा तशाच राहू द्या," ती म्हणाली. "मी त्यांच्यात बसायला शिकते."