ठकूचा सैल टाका

फार फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीवाट व्हायच्या आधी, मीठ माणसांच्या पाठीवरून वर जायचं. घाटाच्या पायथ्याला आंबेखोल नावाचं गाव, आणि तिथं ठकू नावाची पोर गोधड्या शिवायची. ठकू भारी भित्री. फणस पडला तरी दचकायची, मांजर शिंकलं तरी दचकायची. पण हातात सुई आली की तिचा हात वारा पडलेल्या तळ्यासारखा स्थिर व्हायचा, असं म्हणतात.

तिचा बाप हरबा मिठाच्या गोणी वाहायचा. एके दिवशी ओझं उतरवताना जो वाकला, तो वाकलाच. पायाकडून जन्मलेल्या पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून झाला, गुण नाही. शेवटी शस्त्र चालवणारे वैद्यबुवा लांबून आले. पाठ चाचपून म्हणाले, "चिरावं लागेल. उठेल, नाहीतर कायमचा अंथरुणाला खिळेल. खोटं कशाला सांगू?" आणि ते दगडावर पातं पाजळू लागले.

त्या खर्र खर्र आवाजानं ठकूच्या कानांत दडे बसले.

हरबा पालथा पडल्या पडल्या म्हणाला, "भिऊ नको पोरी. उसण भरलीय नुसती."

"उसनं?" ठकू दचकली. "कुणाचं उसनं, आबा?"

एवढ्या कळांतही हरबाला हसू फुटलं. "बहिरे! उसण गं, उसण!"

हसताना त्याची सगळी पाठ हलली, एक जागा मात्र हलली नाही. गोधडीत टाका आवळला की कापड तिथं गोळा होतं ना, तशी.

"वैद्यबुवा," ठकू पुढं सरकून म्हणाली, "टाका आवळला म्हणून कुणी गोधडी फाडतं का? सुईनं सैल करतात. पातं पाजळून होईस्तोवर मला बघू द्या."

वैद्यबुवांनी लेकीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग ते पुन्हा पाजळू लागले. सावकाश, अगदी सावकाश.

ठकूनं सगळ्यांत बारीक सुई दिव्यावर धरली आणि त्या जागी अलगद टोचली. असं म्हणतात, की सुई भुंग्यासारखी गुणगुणली आणि तिच्या टोकाशी मिठाचा खडा उमटला.

"हे कुणाचं, आबा?"

"म्हातारा भिकू दमला होता गं. त्याची गोणी घेतली होती."

"आणि हे?"

"चंद्रीचं. पोटुशी होती बिचारी."

वाटेत थकलेल्यांची ओझी हरबानं उसनी घेतली होती, आणि कधी कुणाला बोलला नव्हता. एकेक नाव निघालं, एकेक खडा गळाला, पाठ सैल होत गेली. दिवेलागणीला हरबा उठून बसला. त्या पाजळलेल्या पात्यानं वैद्यबुवांनी जेवणासाठी भोपळा चिरला म्हणे.

आता तालुक्याला दवाखाना आहे, आंबेखोलची माणसं तिथं जातातही. पण कुणाची पाठ धरली की आधी घरचं कुणीतरी उशाशी बसतं आणि विचारतं, "कुणाचं उसनं?" दुखणाऱ्यानं खरं सांगायचं, ऐकणाऱ्यानं त्यातलं थोडं आपल्या पाठीवर घ्यायचं. आणि तिथल्या प्रत्येक गोधडीत शेवटचा टाका मुद्दाम सैल सोडतात. कधी आंबेखोलची गोधडी पांघरलीत, तर तो धागा ओढू नका हं. तो ठकूचा आहे.