फुलाफुलांची चादर

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगांचा छंद असलेले एक वृद्ध गुरुजी राहत होते. चातुर्मासात ते तिन्हीसांजेला अंगणात पांढरीशुभ्र चादर टांगून तिच्यापुढे दिवा ठेवत. चादरीवर येऊन बसणाऱ्या पतंगांत परमुलखातला कोणता, हे ते शिष्यांना शिकवत. कारण बाहेरच्या रोपांबरोबर आलेल्या एखाद्या पतंगाच्या अळ्या गावची डाळिंबे फस्त करू शकत.

वत्सला त्यांची जुनी शिष्या. 'हा आपला, हा परका' हे तिने सांगावे आणि साऱ्या गावाने मानावे, असा शिरस्ताच पडला होता. त्यात केतकी ही गावातली नवी सून शिकायला येऊ लागली, आणि गावचे पतंग वत्सलाच तिला दाखवू लागली. एका संध्याकाळी ती हरखून म्हणाली, "वत्सलावहिनी, हा बघा! पंखांना अशी रुपेरी कड आपल्या कुठल्याच पतंगाला नाही ना?"

पतंग परका आहे, हे वत्सलेला तत्क्षणी कळले. गुरुजींच्या डोळ्यांतले केतकीविषयीचे कौतुकही दिसले, आणि ते तिला सोसवले नाही. ती हसून म्हणाली, "अगं, आपलाच तो! येऊन चार दिवस झाले नाहीत, तोच परके दिसायला लागले होय तुला?"

केतकी ओशाळली. गुरुजींनी पतंगाकडे एकदा पाहिले आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गडद फुलाफुलांची चादर टांगली. पतंग आले, पण त्या नक्षीत एकही धड दिसेना.

"गुरुजी, हे काय मांडलंत? यावर कुणाला काय दिसणार?" वत्सला म्हणाली.

"बाळ, गाव तुझ्या शब्दावर विसंबून पाहतं. म्हणजे आमची चादर तूच. काल तिच्यावर तुझ्या मानाची नक्षी उमटली. केतकीला दिसलं म्हणून तुझं काय कमी झालं? घरचे पतंग तू तिला ओळखायला शिकवलेस, म्हणून तर तिला पाहुणा वेगळा वाटला."

वत्सलेची मान खाली गेली. "मग तुम्हीच काल का नाही सांगितलंत?"

"मी सांगितलं असतं, तर पतंग सापडला असता. तू हरवली असतीस."

वत्सला तशीच केतकीच्या दारी गेली. "ऊठ, बागांत सांगायला जाऊ. पतंग परकाच आहे. मी खोटं बोलले गं."

केतकी उठून बाहेर आली. मग म्हणाली, "तुम्हीच सांगा वहिनी. लोक तुमचं ऐकतात."

"ऐकतात ना? मग तो तुला दिसला, हेच आधी सांगेन."

दुसऱ्याला दिसलेले आपल्या तोंडाने सांगावे, हेही एक व्रतच आहे.