धर्मवखार

ही पडकी दगडी वखार बघा. पुढचं दार दगडांनी चिणलेलं आणि मागच्या भिंतीला हातभर भोक. परगावचे म्हणतात, चोरांनी पाडलं. चोर कसले, मालकानेच पाडलं.

घाटातून बैलांच्या पाठीवर मीठ वर यायचं, त्या काळी इथे राचाप्पा शेटे नावाचा वाणी होता म्हणे. गडगंज माणूस, पण बायको पटकीत गेलेली, मूलबाळ नाही. घरात बोलायला भिंती तेवढ्या. असे सांगतात, की लागोपाठ दोन वर्षं पाऊस फिरकला नाही, तेव्हा त्याने बियाण्याची नाचणी फुकट वाटली. पण हाडाचा वाणी तो; अट घातलीच. सुगीला प्रत्येकाने दारात यायचं आणि काय पिकलं ते सांगायचं. लोक हसले. निम्मा धर्म, निम्मी वखार, म्हणून 'धर्मवखार' म्हणू लागले. खरं तर कुणी यावं, घटकाभर बसावं, एवढीच त्याची भूक होती. पण मानी माणूस हे बोलतोय कशाला?

सुगी आली. राचाप्पाने ओट्यावर घोंगडी अंथरली, गूळपाणी ठेवलं. आठ दिवस गेले, पंधरा गेले. लोक ओढ्याकडून वळसा घालून जात. शेवटी त्याने जनाक्का धनगरणीला हाक मारून विचारलं, "माझं काय चुकलं गं?"

"आप्पा, तुम्ही जगवलंत, खोटं कशाला बोलू? पण तुमचं दार दिसलं की पसरलेला पदर आठवतो. माणूस तिथं परत येत नाही."

त्याच आठवड्यात त्याने पुढचं दार चिणलं आणि मागे भोक पाडलं. घरातून वखारीत जायचं, भोकातून धान्य सरकवायचं. तोंड बघायचं नाही, नाव विचारायचं नाही. मग लोक येऊ लागले. तो आत तासन्‌तास बसून असे. पावलं वाजत, हात आत येत, भरून परत जात. कुणाचा आवाज त्याच्या कानी पडला नाही. अशी अकरा वर्षं गेली म्हणे. एका सकाळी हात आत आले आणि रिकामेच राहिले. तेव्हा गावाला कळलं.

आजही सुगीला घरटी एक माणूस इथे येतं आणि भोकाशी तोंड नेऊन सांगतं, "आप्पा, औंदा नाचणी बरी आली." बुडाली असली तर तेही सांगतात. मग इथेच खाली बसतात, जरा वेळ. उठायची घाई कुणी करत नाही.