पेटाऱ्याचा माळ

समोर हा उघडा माळ दिसतो ना, त्याला आमच्या हिवरदऱ्यात पेटाऱ्याचा माळ म्हणतात. तलाठ्याकडे त्याला नुसता गट नंबर आहे. पण गावात कुणालाही विचारा, हेच नाव सांगतील. मधोमध तो दगडी ओटा आहे. त्यावर मूर्ती नाही, शेंदूर नाही, घुमटी नाही. पाहुणे आले की पहिलं हेच विचारतात, देव कुठला? देव कुठलाच नाही. ओट्याखाली एक बाई झोपलेली आहे. गावच्या लेकी-सुना तिला खण वाहतात आणि वर हिरवी चादरही घालतात. दोन्ही तिला चालतं, असं आम्ही धरून चाललो आहोत.

बसा या बाभळीखाली, ऊन कडक आहे. माझ्या चुलत्यांनी मला जसं सांगितलं, तसंच सांगतो.

इंग्रजी अंमल खानदेशात यायच्या आधीची ही गोष्ट. त्या काळी वरच्या घाटातून पेंढाऱ्यांच्या टोळ्या उतरायच्या. आल्या की गाव धुऊन न्यायच्या, नाहीतर जाळून टाकायच्या. हिवरदऱ्याचा पाटील होता दौलत पाटील. त्याची बायको बाळंतपणात गेलेली, मागे एकच मुलगी, ठकू. पाच-सहा वर्षांची असेल. एके साली टोळी आली तेव्हा दौलत पाटलानं गढीचा दरवाजा लावून घेतला आणि वरून गोफणी चालवल्या. त्यात टोळीच्या सरदाराचा सख्खा भाऊ पडला. टोळी रिकाम्या हातानं परत गेली. जाताना सरदारानं शपथ घेतली म्हणे, की या पाटलाचं बी सुद्धा शिल्लक ठेवणार नाही. त्या सरदाराचं नाव आमच्याकडे घेत नाहीत, म्हणून मीही घेत नाही.

दर साली सुगी झाली की गावात दस्तगीर गारुडी आणि त्याची बायको चांदबी यायची. सोबत एक गाढव, थोडं सामान आणि एक वेताचा मोठा पेटारा. माळाच्या कडेला त्यांचं पाल पडायचं. दस्तगीर कोय मातीत पुरायचा आणि बघता बघता तिला पालवी फुटायची. वाटीखालची गोळी दुसऱ्याच्या पागोट्यातून निघायची. पण गाव थांबायचं ते पेटाऱ्याच्या खेळासाठी. पेटाऱ्याचं तोंड अरुंद, पोट मोठं. चांदबी आत उतरायची, वर चादर पडायची. दस्तगीर ओरडायचा, "चांदबी, तयार?" आतून आवाज यायचा, "तयार!" मग तो पेटाऱ्यात तलवार आरपार खुपसायचा. पातं लाल होऊन निघायचं. बाया डोळ्यांवर पदर घ्यायच्या. चादर उचलली, की चांदबी हसत उभी.

त्या खेळाचं मर्म आता लपून राहिलेलं नाही, म्हणून सांगतो. पेटाऱ्याच्या फुगीर पोटात कडेकडेनं अंग वळवून एक माणूस बसू शकतं. मधली जागा रिकामी राहते आणि तलवार तिथून जाते. लाल रंगाची चिंधी आत आधीच ठेवलेली असते. बस्स, एवढंच.

ठकूला चांदबीचं वेड होतं. पाल पडलं की ती तिथेच. चांदबीला मूलबाळ नव्हतं. ती पोरीची वेणी घालायची, तिला गोळ्या लपवायला शिकवायची. ठकू तिला चांदमावशी म्हणायची.

त्यानंतर एके साली ते दोघं गावात असतानाच तीच टोळी पुन्हा आली. तीही सकाळी, गुरं रानात निघायच्या वेळेला. दौलत पाटील वेशीतच मारला गेला. गढी पेटली. ठकू आपली नेहमीसारखी सकाळीच पालाकडे आली होती, म्हणून वाचली. गावातून किंकाळ्या आल्या तसं चांदबीनं तिला पोटाशी घेतलं. थोड्याच वेळात पळून आलेल्या एका कोळ्यानं सांगितलं, "घराघरात शिरून पाटलाची पोर शोधतायत. वाटा अडवल्यात. तुम्हाला फिरस्त्यांना सोडतील, तुम्ही निघा."

दस्तगीरनं पाल मोडलं. तो बायकोला म्हणाला, "हिला कुठं ठेवायचं?"

चांदबीनं पेटाऱ्याचं झाकण उघडलं.

पोरीला तिनं पेटाऱ्यात बसवलं आणि सांगितलं, "ठकू, हा खेळ आहे. काहीही झालं तरी आवाज काढायचा नाही. जो आवाज काढतो त्याचा खेळ मोडतो." पेटारा गाढवावर चढला आणि तिघं माळावरून निघाले. नाला ओलांडला की पळसाचं रान होतं. त्याच्या पलीकडे ठकूचं आजोळ.

पण तोवर सरदारानं आपला तळ याच माळाच्या मधोमध, नाल्याच्या वाटेवरच टाकला होता. तो जिथे बसला होता, ती जागा म्हणजे हा ओटा, असं सांगतात. माणसं गाव पालथं घालत होती आणि हा इथे वाट बघत बसला होता. त्यानं यांना हाक मारली. "गारुडी दिसतोस. काय आहे त्यात?"

"खेळाचं सामान, सरकार."

"मग दाखव खेळ. पेटाऱ्याचा. मी बुऱ्हाणपुरात बघितलाय."

दस्तगीर म्हणाला, बायको आजारी आहे. कोय-आंब्याचा दाखवतो, साप दाखवतो. सरदाराचा चेहरा बदलला. तो म्हणाला, "पेटारा उघड."

दस्तगीरनं पेटारा गाढवावरून उतरवला. त्यात पोर होती, तरी रोज रिकामा उतरवतो तसा त्यानं तो एका हातानं उतरवला. हे चुलते सांगायचे तेव्हा स्वतःचा हात पुढे करून दाखवायचे. झाकणाला हात घालायला एक स्वार पुढे आला, तेवढ्यात चांदबीनं चादर झटकून पेटाऱ्यावर टाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाजूला व्हा जी. खेळाच्या आधी पेटाऱ्यात डोकावलं तर खेळ बाटतो. सरकारांनी सांगितलं, तर आजारी असले तरी करीन."

आणि चादरीखालून ती आत उतरली.

आत काय झालं ते ठकूनं पुढे म्हातारपणी सांगितलं, तेव्हा गावाला कळलं. मावशीनं तिला कडेच्या जागेत सरकवलं. तिच्या तोंडावर हात ठेवला. आणि मधल्या रिकाम्या जागेत ती स्वतः गुडघे मुडपून बसली.

बाहेर दस्तगीरला हे ठाऊक होतं. तो खेळ त्यानं उभ्या जन्मात किती वेळा केला असेल, त्याला पेटाऱ्यातली बोटाबोटाची जागा माहीत होती. त्यानं आपली पातळ तलवार घेतली आणि वरच्या वेतातून तिरकी, उथळ घातली. सरदार हसला. "असं नाही. आरपार जाते ती. दे, मीच करतो." आणि त्यानं कमरेची स्वतःची तलवार उपसली.

दस्तगीर आडवा आला. "सरकार, खेळाचं पातं वेगळं असतं."

"म्हणजे लबाडी आहे तर. मग उघड पेटारा, काय लबाडी आहे ती बघू."

माळावरची सगळी टोळी गोळा झाली होती. तेव्हा पेटाऱ्यातूनच आवाज आला. रोज यायचा तसाच, खेळातला.

"तयार!"

सरदारानं तलवार खुपसली.

पेटाऱ्यातून हूं की चूं आलं नाही. पातं बाहेर निघालं ते मुठीपर्यंत भिजलेलं होतं. एक-दोन स्वार मागे सरकले. सरदारानं पात्याकडे बघितलं, मग दस्तगीरकडे. आणि दस्तगीर हसला. त्यानं कमरेचा रुमाल काढला, सरदाराच्या हातातली तलवार घेतली, पुसून स्वच्छ केली, आणि मुजरा करून परत दिली. "रंग आहे सरकार. करडईच्या फुलांचा. धुतला की जातो." तो रुमाल त्यानं घडी करून परत कमरेला खोवला.

"काढ तिला बाहेर."

चादर हलली. नेहमीपेक्षा वेळ लागला म्हणतात. मग चांदबी उभी राहिली. लाल ओढणी तिनं पोटाशी आवळून बांधली होती. ती पेटाऱ्यातून पाय बाहेर टाकून उतरली, आपल्या हातानं झाकण लावलं, आणि सलाम केला. तोंड पांढरं पडलं होतं, पण आजारी आहे हे आधीच सांगितलेलं होतं. ती म्हणाली, "सरकारांचा हात मोठा हलका आहे."

टोळीनं टाळ्या पिटल्या. शिट्ट्या मारल्या. सरदार इतका खूश झाला, की त्यानं खांद्यावरचा शेला काढून तिच्या अंगावर फेकला. चांदबीनं तो तिथल्या तिथे अंगाभोवती लपेटून घेतला.

त्यांना वाट मोकळी झाली.

तिथून नाल्यापर्यंतचा उतार तुम्ही आत्ता चढून आलात. तो ती उतरली, गाढवाच्या मानेवर हात ठेवून, आणि मागून टोळी अजून शाबासकी देत होती. दस्तगीरला तिला धरता येत नव्हतं, वळून बघता येत नव्हतं. नाला ओलांडून पळसाच्या आड गेल्यावर ती खाली बसली. "पोरीला काढ," म्हणाली, "गुदमरली असेल."

दस्तगीरनं ठकूला उचलून बाहेर काढलं. पोर डोक्यापासून पायापर्यंत रक्तानं भिजलेली. चांदबीनं तिला जवळ ओढलं, तिचे हात बघितले, पाठ बघितली, मान चाचपली. मग विचारलं, "ठकू, तुला लागलं तर नाही ना गं?"

ठकूनं मान हलवली, नाही म्हणून.

"मग झालं," चांदबी म्हणाली. पळसाच्या बुंध्याला टेकली, ती पुन्हा उठली नाही.

दस्तगीरला रडायलाही मोकळीक नव्हती. स्वार रानात फिरत होते. सरदाराचा शेला त्यानं तिच्या अंगावरून काढून काट्यांत फेकला आणि तिला सामानातलं आपलं धोतर पांघरलं. वर पाचोळा लोटला. पोरीला आजोळी पोचवलं आणि तो परत आला. तोवर टोळी पुढे निघून गेली होती आणि उरलेलं गाव आपली माणसं शोधत होतं. दस्तगीर चांदबीला उचलून माळावर घेऊन आला. तिथे त्यानं सगळ्यांना काय घडलं ते सांगितलं.

गावात मुसलमानाचं एकही घर नव्हतं. कबर कशी खणतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं सांगितलं तशी ती खणली. तो एकटा नमाजाला उभा राहिला आणि गाव त्याच्यामागे हात जोडून उभं राहिलं. पेटारा त्यानं कबरीवर ठेवला. पुढच्या पावसाळ्यात त्याला वाळवी लागली, पण नाव राहिलं. दस्तगीरचं पुढे काय झालं याबद्दल दोन मतं आहेत. कुणी म्हणतं तो तिथूनच उत्तरेला गेला. कुणी म्हणतं तो ठकूच्या आजोळी दारातच राहिला, पोरीची राखण करत. पण गोळी आणि वाटी त्यानं पुन्हा हातात धरली नाही. मला दुसरं खरं वाटतं. माझ्या चुलत्यांना पहिलं वाटायचं.

ठकू मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि नवऱ्याला घेऊन ती हिवरदऱ्यात परत आली. पाटीलकी उभी केली. कबरीवर हा ओटा तिनं बांधला. इथे जत्रा भरू लागली, तशी गारुड्यांची पालंही पुन्हा पडू लागली. पहिल्याच जत्रेत एका गारुड्यानं पेटारा मांडला. त्याची तरुण सून आत उतरली. त्यानं तलवार उपसली, आणि बायांमध्ये बसलेली ठकूबाई पाटलीण उठून रिंगणात गेली. तिनं ते पातं उघड्या हातानं धरलं.

"हिवरदऱ्यात पात्याशिवाय खेळ होईल."

गारुडी गोंधळला. "बाई, पात्याशिवाय हा खेळ कसला?"

"बाईनं आत जायचं आणि धड बाहेर यायचं. तेवढंच बघायला आम्ही बसलोय."

त्यानं तलवार खाली ठेवली. चादर पडली, चादर उठली, सून बाहेर आली. लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले, तर ठकूबाईनं सगळ्यांना थांबवलं. ती त्या पोरीजवळ गेली, तिचे हात बघितले, पाठ बघितली. मग विचारलं, "लागलं तर नाही ना गं तुला?"

पोर म्हणाली, "नाही लागलं, आई."

मग ठकूबाईनं गावाकडे तोंड केलं. म्हणाली, "मला हे विचारणारी इथं खाली आहे. मी नुसती मान हलवली. उलट तिला विचारायचं मला सुचलं नाही." एवढं बोलून ती आपल्या जागेवर जाऊन बसली. त्यानंतर टाळ्या वाजल्या.

आजही या माळावर जत्रेत कुणी तलवार, सुरी, करवत काढत नाही. गारुडी आता फारसे येत नाहीत. जळगावकडून स्टेजवाले जादूगार येतात, चकचकीत कोट, लाकडी खोके, लाउडस्पीकर. त्यांना हे आधी सांगावं लागतं. काही हसतात, पण ऐकतात. खोक्यातून मुलगी बाहेर आली की संगीत बंद होतं आणि गावातली सगळ्यात वयस्क बाई काठी टेकत स्टेजवर चढते. ती त्या मुलीचे हात बघते, पाठ बघते, आणि विचारते. मुलीनं तोंडानं उत्तर दिल्याशिवाय टाळी वाजत नाही.

मागच्या साली आमची सोनाई म्हातारी वर गेली. मुलगी असेल अठरा-एकोणीस वर्षांची, टिकल्यांचा झगा घातलेली. म्हातारीनं विचारलं. मुलीनं सवयीनं हसून लोकांकडे बघितलं, मग म्हातारीकडे बघितलं, आणि तिचं हसू गेलं. हळूच म्हणाली, "हो. रोजच लागतं." खोक्याच्या पत्र्यानं तिची दोन्ही कोपरं सोलून निघाली होती.

जादूगार काहीतरी बोलायला पुढे आला, पण कुणी त्याचं ऐकलं नाही. बायांनी मुलीला खाली उतरवून या ओट्यावर बसवलं, कोपरांना हळद लावली, पाणी पाजलं. पुढचा खेळ झाला नाही आणि कुणी मागितलाही नाही. ती मुलगी कितीतरी वेळ ओट्यावर बसून होती, आणि सगळी जत्रा तिच्याभोवती उभी होती.